बालवर्गासाठी दिनक्रमाचा पॉकेट चार्ट: सात महिने भिंतीवर लावून मग लिहितेय

साडेतीन स्टार. साइटवर अर्धा देता येत नाही म्हणून तिथे तीन टाकलेत, पण तुम्ही साडेतीन धरा, आणि दीड का कापला ते सगळं खाली सांगते, जरा लांबलंय.

मी पुण्यात एका मराठी माध्यमाच्या बालवर्गात शिकवते, मोठा गट, म्हणजे सिनियर केजी, २४ मुलं, मी एकटी आणि मदतीला मावशी. शाळा ९ ते सव्वाबारा. हा चार्ट मागच्या मे महिन्यात सेलमध्ये ६४९ रुपयांना मागवला, शाळा सुरू व्हायच्या आधी सगळ्याच टीचर लोकांना एक उत्साह चढतो तसा मलाही चढला होता. साइटवरचे रिव्ह्यू बहुतेक "डिलिव्हरी फास्ट, कलर छान" टाइप, तेही पार्सल फोडून दोन दिवसांत लिहिलेले, त्यात चूक काही नाही, पण वस्तूला ४८ हात रोज लागले की तिचं काय होतं हे त्यातून कळत नाही. म्हणून गॅदरिंग उरकेपर्यंत थांबले. ब्रँडचं नाव घालत नाही कारण हाच माल चार वेगवेगळ्या नावांनी विकायला आहे. निळा कपडा, एकाखाली एक दहा पारदर्शक खण, ३६ चित्रांची कार्डं, घड्याळाची १२ कार्डं, एक लाल बाण आणि एक वाळूचं घड्याळ, फोटो बघितला की ओळखाल.

आधी कपडा. नायलॉनचा आहे, जाडसर, पहिला आठवडाभर नव्या रेनकोटसारखा वास मारत होता मग गेला. घडीच्या रेघा काही केल्या जाईनात तेव्हा मावशींनी पालथा घालून वरून ओला पंचा टाकला आणि हलकी इस्त्री फिरवली, बऱ्यापैकी सपाट झाला. खण प्लास्टिकचे आहेत, थेट इस्त्री टेकवलीत तर चार्ट इस्त्रीलाच चिकटून येईल. टांगायला वर तीन रिंगा, पितळी दिसतात, पितळी नाहीत, ऑगस्टपर्यंत गंजल्या आणि भिंतीवर तपकिरी ओघळ आले. आमची भिंत पावसाळ्यात ओल धरते त्यामुळे चार्टच्या पाठीला बुरशीही आली, हा दोष भिंतीचा, चार्टचा नाही, पण जुन्या इमारतीत वर्ग भरत असेल तर मागे थर्माकोलच्या दोन पट्ट्या लावा म्हणजे हवा खेळती राहते. खिळा मारायची परवानगी मिळेपर्यंत मी दुहेरी चिकटपट्टीवर भागवलं, आणि तो दर सोमवारी सकाळी जमिनीवर लोळण घेत असायचा.

शिवण तिसऱ्या महिन्यात उसवली, आणि ती पण वरची नाही, खालचे तीनच खण. का ते बघितलं तर मुलांचा हात तिथपर्यंतच पोचतो, आणि मुलं कार्ड वर उचलून काढत नाहीत, स्वतःकडे ओढतात. हे लहान मुलांसाठी बनवलंय म्हणता तर एवढं तरी कोणी बघायला हवं होतं ना. मावशींनी जाड सुईने गोधडीचे टाके घातलेत, आता तो भाग बाकीच्या चार्टपेक्षा मजबूत आहे. आणखी एक, प्लास्टिक चकाकतं. ट्यूबलाइट लागली की उजवीकडे बसलेल्या मुलांना कार्डाऐवजी नुसता पांढरा पट्टा दिसतो, आणि हे मला जुलैमध्ये कळलं, तेही एक मुलगी रोज मान वाकडी करून बसते म्हणून मी तिच्या आईला डोळे तपासून घ्या असं सांगायच्या बेतात होते तेव्हा. तिच्या जागेवर मी स्वतः मांडी घालून बसले आणि बघितलं. चार्ट तुम्ही कुठल्याही कंपनीचा घ्या, लावण्याआधी वर्गातल्या चारही कोपऱ्यांत खाली बसून बघा, उभं राहून नाही.

आता कार्डं. एक स्टार इथे गेला.

चित्रं सुबक आहेत, छपाई छान, पण ती मुलं आणि ती शाळा आपली नाहीच. पिवळी लांब बस. बर्फातलं जॅकेट टांगून ठेवणारी मुलगी. दुपारच्या झोपेचं कार्ड, आमची शाळा सव्वाबाराला सुटते. कॉम्प्युटरचं कार्ड. जेवणाच्या कार्डावर सँडविच, सफरचंद आणि दुधाचा खोका. मी म्हटलं चालतंय की, जेवण म्हणजे जेवण, मुलांना कळेल, आणि तेच कार्ड डब्याच्या जागी लावलं. दुसऱ्याच दिवशी एका पोराने डबा उघडला, पोळी-भाजी बघितली, मग चार्टकडे बघितलं आणि भोकाड पसरलं. "ताई, माझ्या आईने चुकीचं दिलं." आता याला काय सांगणार. दुपारी त्याची आई न्यायला आली तेव्हा तिलाही विचारलंन की तू सँडविच का नाही दिलंस, बाकीच्यांनी पण नव्हतं आणलं हा मुद्दा त्याला पटत नव्हता कारण चार्टवर तसं नव्हतं. पाच वर्षांच्या मुलाला चित्र म्हणजे खूण नाही, चित्र म्हणजे वचन. त्यात सगळी अक्षरं इंग्रजी, आमच्याकडे मुलं क, म, घ ओळखायला लागलेली असतात आणि भिंतीवर "लंच" इंग्रजीत.

३६ पैकी माझ्या कामाची निघाली ५. हात धुणे, चित्रकला, गोष्ट, ठोकळे, झोपाळा. बाकीची सरळ पिशवीत भरून ठेवली. मग एका रविवारी फोनवर फोटो काढले, आमचाच डब्यांचा रॅक, आमचाच नळ, चपलांची ओळ, मैदानातली घसरगुंडी, आणि अप्पा बळवंत चौकात जाऊन प्रिंट आणि लॅमिनेशन करून आणलं, खाली जाड पेनाने मराठी शब्द. १४ कार्डांचे सव्वातीनशे रुपये गेले, म्हणजे चार्टच्या निम्मी किंमत कार्डांवर परत. तुम्ही घेतलात तर हा खर्च धरूनच चला. तुळशीबागेतून भातुकलीचा एक छोटा सेट पण आणला, त्याचा चार्टशी संबंध नाही, पण अप्पा बळवंत चौकात जाऊन तुळशीबागेत न डोकावता परत येणं मला आजवर जमलेलं नाही.

हे करताना सारखी ताराबाई मोडकांची आठवण येत होती. १९२६ मध्ये त्यांनी आणि गिजुभाई बधेकांनी नूतन बालशिक्षण संघ काढला, म्हणजे यंदा शंभर वर्षं होतायत, आणि मॉन्टेसरीचं महागडं परदेशी साहित्य आपल्या मुलांना परवडणारही नाही आणि आपलंही वाटणार नाही म्हणून आसपास मिळणाऱ्या वस्तू वापरायच्या, हे त्यांनी तेव्हाच करून दाखवलं होतं. शंभर वर्षांनी मी बर्फाच्या जॅकेटचं कार्ड विकत घेतलं. असो.

आता घड्याळाची १२ कार्डं. ही म्हणजे कंपनीची शान, खोक्यावर मोठ्ठं लिहिलंय की मुलं वेळ शिकतील. प्रत्येक खणाच्या डाव्या बाजूला घड्याळाचं चित्र, शेजारी काम. माझं पूर्वीचं वेळापत्रक मी मोठ्या हौसेने त्यात बसवायला गेले आणि तिथेच फसले, कारण खण दहा आणि माझी कामं अकरा. प्रार्थना, हजेरी, गप्पा, भाषा, अंक, डबा, बडबडगीतं, मैदान, हस्तकला, गोष्ट, घरी. टाचणवहीत हे वर्षानुवर्षं असंच लिहीत आले, पंधरा-वीस मिनिटांचा एकेक तुकडा, प्राथमिकच्या तासिकांसारखा, कधी शंकाच आली नाही. खणात मावेना तेव्हा पहिल्यांदा प्रश्न पडला की हे अकरा कशाला आहेत. चार्टचा हा फायदा कंपनीने जाहिरातीत लिहिलेला नाही, आणि मला विचाराल तर ६४९ रुपये इथेच वसूल झाले.

मग मी एक आठवडा फोनवर वेळ लावून बघितला. काम किती चाललं ते नाही, दोन कामांच्या मध्ये काय होतं ते. वह्या गोळा करा, ठोकळे खोक्यात टाका, तुझी पेन्सिल कुणी घेतली, रांगेत उभे राहा, सूला जायचंय, मला पण, मला पण. २४ मुलांना एका कामातून उठवून दुसऱ्यात बसवायला सरासरी सहा मिनिटं लागतात. अकरा कामं म्हणजे दहा बदल, म्हणजे एक तास. सव्वातीन तासांच्या शाळेतला एक तास मी मुलांना नुसतं उठवत-बसवत होते, आणि वर घरी येऊन म्हणत होते की मुलं हल्ली एका जागी बसत नाहीत. मी बसू देत होते कुठे?

आता सात कामं आहेत. ९ ते ९:३५ मुक्त खेळ, मग २० मिनिटं गोल, म्हणजे सगळे गोलात बसून, त्यातच प्रार्थना हजेरी गप्पा बडबडगीतं सगळं, मग ४५ मिनिटं कोपरे, मग अर्धा तास हात धुणे आणि डबा, अर्धा तास मैदान, २० मिनिटं गोष्ट, शेवटची १५ आवराआवर आणि घरी. बेरीज बरोबर १९५ मिनिटं येते, करून बघा. भाषा, अंक आणि हस्तकला वेगळे राहिलेच नाहीत, ते कोपऱ्यांत गेले, चार कोपरे, सहा-सहा मुलं, मी एका कोपऱ्यात बसून भाषा किंवा अंक घेते आणि बाकी तीन कोपऱ्यांत मुलं आपापलं करतात, अर्ध्यावर कोपरा बदलायचा असेल तर बदलतात, नको असेल तर नाही. पहिले दोन आठवडे गोंधळ झाला, खोटं कशाला बोलू, चिकणमाती भातुकलीत आणि भातुकली चिकणमातीत. पण ऑगस्टमध्ये एक पोरगा ४० मिनिटं एकाच ठोकळ्यांच्या पुलावर होता, हाच पोरगा जूनमध्ये मला "चंचल" वाटला होता आणि तसं मी वहीत लिहिलंही होतं. खोडलंय नंतर.

मोठा-छोटा गट जिथे एकत्र बसतो तिथे हे जसंच्या तसं चालणार नाही, गोल १०-१२ मिनिटांवर आणावा लागेल. आणि माझं ऐकून लगेच सगळं बदलू नका, पण एवढं करा, शांत बसून ऐकायच्या दोन गोष्टी एकापाठोपाठ ठेवू नका. आमचा पूर्वी गप्पा, भाषा, अंक असा सलग तास होता, आता प्रत्येक बसण्यानंतर हालचाल आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर पायाभूत स्तराचा (तीन ते आठ वर्षांच्या मुलांचा) जो अभ्यासक्रम आराखडा २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आला त्यातही हेच आहे, मुलांनी स्वतः ठरवलेलं आणि ताईने ठरवलेलं यांचा तोल हवा, गटातलं आणि एकट्याचं दोन्ही हवं. आमच्या ट्रेनिंगला स्लाइडवर दाखवलं होतं हे, मी लिहूनही घेतलं होतं. खणात मावेना तेव्हा कळलं.

सुरुवातीला ३५ मिनिटं मुक्त खेळ बघून आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी भुवया उंचावल्या होत्या. "सकाळी सकाळी नुसतं खेळायचं?" त्याचं कारण शिक्षणशास्त्र वगैरे नाही, रिक्षा आहे. आमची निम्मी मुलं रिक्षाने येतात, एक रिक्षा पावणेनऊला टेकते आणि दुसरी सव्वानऊला, कारण ते काका आधी दुसऱ्या शाळेची मुलं सोडून येतात, आणि मध्ये सिंहगड रोडला अडकले तर विचारूच नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग ९ च्या आधी भरवू नका असा निर्णय काढला, मुलांची झोप व्हावी म्हणून, चांगलंच आहे, या वयाला १० ते १३ तास झोप लागते म्हणतात आणि आठला डोळे चोळत येणारी मुलं मी पाहिली आहेत. पण शाळेची वेळ सरकली तरी रिक्षा आणि ट्रॅफिक तेच. पूर्वी नऊला प्रार्थना सुरू करायचे आणि उशिरा आलेली सहा-सात मुलं दारात दप्तर घेऊन खाली मान घालून उभी राहायची, दिवसाची सुरुवातच अपराध्यासारखी. आता जो येईल तो चप्पल काढतो, दप्तर लावतो, खेळात शिरतो, कुणी उशिरा आलं हे कुणाला कळतही नाही. ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी पालघर जिल्ह्यात कोसबाडच्या बाजूला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली होती, मुलं शाळेत येऊ शकत नाहीत ना, मग शाळा कुरणात. मी तर फक्त प्रार्थना अर्धा तास पुढे ढकललीय.

म्हणजे घड्याळाच्या कार्डांचं काय झालं? काढून टाकली. साडेचार-पाच वर्षांच्या मुलाला ९:५५ काही सांगत नाही, त्याला फक्त "आधी काय, मग काय" कळतं, आणि तेच त्याला हवंही असतं. वेळ मला लागते, म्हणून कार्डाच्या मागच्या बाजूला बारीक पेन्सिलीने मी लिहून ठेवलीय. शिवाय समोर घड्याळ असलं की मीच त्याची गुलाम होते, पूल अर्धा झालाय आणि मी "चला चला वेळ संपली". आता पाच-दहा मिनिटं इकडची तिकडे होतात, क्रम हलत नाही.

लाल बाण ही या सगळ्या खोक्यातली सर्वात स्वस्त आणि सर्वात भारी वस्तू. रोज एक मूल बाणवाला किंवा बाणवाली, काम झालं की बाण खाली सरकवायचा. पहिल्याच आठवड्यात आमच्या बाणवाल्याने ९:२० ला बाण उचलला आणि थेट शेवटच्या "घरी" वर नेऊन ठेवला. अर्धा वर्ग दप्तरं आणायला धावला, एक तर चप्पल घालून तयार. मी म्हटलं अरे बाण हलवला म्हणून वेळ हलत नाही. तो म्हणाला, "मग बाण कशाला आहे?" मला पटकन उत्तरच सुचेना. दुसऱ्या दिवशी नियम केला, काम झालं की कार्ड पालथं, कार्ड पालथं झालं की बाण खाली. आता बाणाला उड्या मारता येत नाहीत कारण मधली कार्डं सरळ असतात आणि बाकीची २३ मुलं पोलिसासारखी लक्ष ठेवून.

पूर्वी दिवसातून "ताई आता काय?", "ताई डबा कधी?", "ताई आई कधी येणार?" हे किती वेळा ऐकायचे ते मोजलं नाही, पण संध्याकाळी कानात वाजायचं. आता मुलं चार्टजवळ जातात, बोट लावून मोजतात, "अजून मैदान, मग गोष्ट, मग आई." जूनमध्ये रडणाऱ्या मुलांना याचा जेवढा उपयोग झाला तेवढा माझ्या कडेवर घेण्याचा झाला नाही, कडेवर घेतलं तर उतरवताना परत रडणं असतंच. एका मुलाला कुठलाही बदल झाला की फार त्रास व्हायचा, कान झाकून टेबलाखाली बसायचा. विशेष शिक्षणात चित्रांचा दिनक्रम खूप आधीपासून वापरतात, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात १९७२ मध्ये स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांसाठी टीच नावाचा कार्यक्रम सुरू झाला त्यात यावर मोठा भर आहे, हे मला एका मैत्रिणीने सांगितलं जी त्याच क्षेत्रात आहे. तिच्या सांगण्यावरून त्याच्यासाठी फक्त दोनच कार्डांची छोटी पट्टी केली, "आता" आणि "मग", त्याच्या बाकावर. चार्टमधले सात त्याला जास्त होत होते. टेबलाखाली जाणं बंद झालं असं नाही म्हणणार, पण आता जाताना पट्टी घेऊन जातो.

खोक्यात नसलेलं आणि सगळ्यात जास्त लागलेलं कार्ड म्हणजे छत्री. पुण्याचा पाऊस, जून ते सप्टेंबर मैदानाचा काय भरवसा, सकाळी ऊन आणि अकराला धो धो. पूर्वी पाऊस आला की मी नुसतं "आज मैदान नाही" म्हणायचे आणि पुढचा अर्धा तास त्याचे परिणाम भोगायचे. आता गोलातच मैदानाच्या कार्डावर छत्रीचं कार्ड चढतं, म्हणजे हॉलमध्ये धावाधावी, मुलं "अर्रर्र" करतात पण भांडण नाही, कारण वाईट बातमी आधी कळलेली असते. मैदान कापून त्या वेळात लेखन घ्या असा सल्ला मला दोनदा मिळालाय, घेतला नाही. जागतिक आरोग्य संघटना पाच वर्षांवरच्या मुलांना रोज सरासरी तासभर चांगली दमणूक हवी म्हणते, आम्ही त्यातली निम्मी देतोय, फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मुलांना उरलेली कोण देणार.

पालख्या आल्या तेव्हा रस्ते बंद म्हणून सुट्टी, नंतर आमची छोटी दिंडी, टाळ-तुळस-पताका, त्याचं कार्ड मुलांनीच काढलं, त्यात विठोबापेक्षा टाळ मोठे आहेत. गणपतीचे दिवस पण निभावले. हरला तो चार्ट गॅदरिंगला. तीन आठवडे प्रॅक्टिस, आधी रोज एकदा, मग रोज दोनदा, वेळ स्टेज रिकामं होईल तशी, कधी डब्याच्या मध्ये बोलावणं तर कधी गोष्टीच्या, वर ड्रेपरीवाल्यांची मापं. शेवटच्या आठवड्यात मी बाण काढून ड्रॉवरमध्ये ठेवला, खोटं बोलणारा चार्ट असण्यापेक्षा नसलेला बरा. तर एक मुलगी रोज सकाळी येऊन रिकाम्या चार्टसमोर उभी राहायची आणि मावशींना विचारायची, बाण आजारी आहे का.

वाळूच्या घड्याळाबद्दल दोनच ओळी. पाच मिनिटांचं म्हणून दिलंय, सव्वाचार मिनिटांत रिकामं होतं. आवराआवरीसाठी लावलं तर सगळा वर्ग आवरायचं सोडून वाळू पडताना बघत बसला, आणि मग उलटं कोण करणार यावरून मारामारी. कपाटात आहे. आवराआवरीला मी खंजिरी वाजवते, ठेका हळूहळू जलद करत नेते, मुलं त्या ठेक्यावर ठोकळे उचलतात.

कंपनीच्या सर्व्हिसबद्दल, शिवण उसवल्याचा फोटो पाठवला तर तीन दिवसांनी उत्तर आलं की रिटर्नची मुदत सात दिवस होती. नुसती कार्डं वेगळी मिळतील का, भारतीय भाषांत आहेत का विचारलं, त्याला उत्तर नाही, त्याऐवजी "आमच्या उत्पादनाला पाच स्टार द्या आणि कूपन मिळवा" असा मेसेज आला. उरलेला अर्धा स्टार त्या मेसेजमुळे गेला.

पालकांपैकी चार-पाच जणींनी घरासाठी लिंक मागितली. मी सांगितलं घेऊ नका. घरी दहा खण म्हणजे आईच्या डोक्याला ताप, आणि प्रत्येक गोष्टीला कार्ड लावलं तर मुलाने लोळायचं कधी. फ्रिजवर संध्याकाळची तीन चित्रं पुरतात, मुलाकडूनच काढून घ्या. एका आईने काढून घेतली, त्यात पहिलं खेळणं, दुसरं जेवण, तिसरं बाबांनी फोन ठेवणं.

तर वर्गासाठी घ्यावा का. तुमच्याकडे चार्ट शिवून घ्यायला वेळ नसेल, शाळा पैसे देणार असेल आणि कार्डं स्वतःची करायची तयारी असेल तर घ्या, दहा खणांचाच घ्या, सात खणांचा एक स्वस्त मिळतो पण त्यात छत्रीसारखं जादा कार्ड ठेवायला जागा उरत नाही. मी स्वतः छोट्या गटासाठी दुसरा मागवला नाही. बोहरी आळीतून पारदर्शक प्लास्टिक मीटरवर आणलं, जरा कमी चकाकणारं, घरातला जुना जाड पडदा होता तो कापला आणि आमच्या गल्लीतल्या टेलरकाकांकडून शिवून घेतला, शिलाई १८० रुपये, खालच्या खणांना तिहेरी टाके घाला म्हटलं तर काका म्हणाले, "एवढं काय ठेवणार आहात त्यात?" खणाची रुंदी २२ सेंटिमीटर ठेवली आणि उंची १२, पुढचं प्लास्टिक मात्र खोलीला चारच बोटं, म्हणजे कार्डाचा निम्मा भाग वर राहतो आणि मुलांना ओढावं लागत नाही, चिमटीत धरलं की येतं. रिंगांच्या जागी वर कापडी नळी शिवून घ्या आणि त्यात पडद्याचा दांडा घाला, गंजायचा प्रश्नच नाही.